१९४० ते १९६५ च्या जुन्या ड्रेस पॅटर्नवरून घरी शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग, अ‍ॅडव्हान्स अशा अमेरिकन कंपन्यांची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पॅटर्नची पाकिटं आहेत. पहिली चार मावशीने न्यू जर्सीहून येताना आणली, पुढची मी एकेक करून जमवली. त्यांच्यावरून ड्रेस शिवायला लागल्यापासून मैत्रिणी, मैत्रिणींच्या मैत्रिणी, कुणाच्या वहिनी सगळ्या तेच तेच विचारतात, म्हणून इथे एकदाच नीट लिहून ठेवतेय. जिथे खूप जणी अडकतात तिथे जास्त लिहिलंय.

पाकिटात नक्की काय असतं?

पातळ टिश्यू कागदाचे तुकडे, म्हणजे पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर, स्कर्टच्या कळ्या, आणि सोबत घडी घातलेला एक सूचनांचा कागद. आपण क्लासमध्ये शिकतो ते वेगळं, तिथे छातीचा चौथा भाग अधिक अमुक इंच असं करत आपल्या मापाने थेट कापडावर आखतो. इथे आखणी आधीच झालेली असते, एका ठरावीक मापाच्या बाईसाठी. बटरिकचे मापवार कागदी पॅटर्न १८६३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सुरू झाले, मॅकॉल १८७० मध्ये, व्होगचा पहिला पॅटर्न १८९९ चा आणि स्वस्त आणि सोपी म्हणून घराघरात गेलेली सिम्प्लिसिटी १९२७ ची. एक लक्षात ठेवा, त्या काळात एका पाकिटात एकच साइझ असायचा. आत्ताच्या पॅटर्नसारख्या पाच रेघा एकात एक नसतात, त्यामुळे पाकीट घेतानाच साइझ बघावा लागतो.

माझ्या पॅटर्नवर काहीच छापलेलं नाहीये, नुसती भोकं आहेत. खराब आहे का?

अजिबात नाही! हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. जुने बरेचसे पॅटर्न छापलेले नसायचेच, कागदाचे तुकडे मापात कापून आलेले असायचे आणि सगळी माहिती भोकांतून आणि कडेच्या खाचांतून द्यायचे. मॅकॉल्सने १९२० च्या आसपासच छापील पॅटर्न काढले, बाकीच्या मोठ्या कंपन्या दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू छापायला लागल्या आणि व्होगने तर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत भोकंच ठेवली.

वाचायची पद्धत अशी. मोठ्या भोकांची सरळ रांग बहुतेक वेळा उभा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीची दिशा दाखवते, कडेला तीन मोठी भोकं जवळजवळ असली तर बहुतेक ती कड कापडाच्या घडीवर ठेवायची, आणि बारीक भोकं टक्स, प्लीट, चुण्या यांच्या जागा सांगतात. पण प्रत्येक कंपनीची भाषा थोडी वेगळी असते, तेव्हा सूचनांच्या कागदावर भोकांची किल्ली दिलेली असते ती आधी शोधा, आणि मी तर प्रत्येक तुकडा ब्राऊन पेपरवर उतरवताना भोकाशेजारी पेन्सिलने मराठीत लिहूनच टाकते, ‘टक्सचं टोक’, ‘घडी’, ‘इथे चुण्या सुरू’. एकदा लिहिलं की मग तो पॅटर्न छापील पॅटर्नइतकाच सोपा.

पॅटर्न कुठल्या वर्षाचा आहे ते कसं ओळखायचं?

मॅकॉल्सच्या पाकिटावर बऱ्याचदा बारीक अक्षरात वर्षच छापलेलं असतं, आधी तिथे बघा. वर्ष नसेल तर कंपनीचा पत्ता बघायचा. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड, म्हणजे त्यांचा पिनकोड, १९६३ मध्ये आला, त्यामुळे पत्त्यात झिप कोड असेल तर पॅटर्न त्यानंतरचा, आणि ‘न्यूयॉर्क १७’ असा शहरापुढे नुसता एक-दोन आकडी नंबर असेल तर बहुधा त्याआधीचा. पॅटर्नच्या नंबरवर मात्र विसंबू नका, कंपन्या चार आकडी नंबर संपले की परत पहिल्यापासून सुरू करायच्या, त्यामुळे एकच नंबर वेगवेगळ्या दशकांत सापडतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात जुन्या पॅटर्नचा मोठा संग्रह आहे, कमर्शियल पॅटर्न अर्काइव्ह नावाचा, फार अडलं तर तिथल्या नोंदींशी जुळवून बघता येतं.

आणि चित्रावरूनही कळतं. चौकोनी भरीव खांदे, गुडघ्याशी आलेला बेताचा स्कर्ट असेल तर युद्धकाळातला, कारण तेव्हा अमेरिकेत कापड किती वापरायचं यावर सरकारी बंधनं होती आणि इंग्लंडमध्ये तर १९४१ ते १९४९ कपड्यांचं रेशनिंगच होतं. मग १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये ख्रिस्तियान डिओर या फॅशन डिझायनरने पहिलं कलेक्शन दाखवलं, बारीक कंबर, उतरते खांदे आणि भरपूर घेर, आणि पुढची दहा वर्षं घरगुती पॅटर्नवर त्याचीच छाप राहिली. १९६० नंतर कंबर सुटायला लागते आणि सरळसोट शिफ्ट ड्रेस येतात.

मी दुकानात मीडियम घेते, मग १४ साइझचा पॅटर्न मला होईल ना?

पाकिटावरचा साइझचा नंबर विसरून जा. खरंच, त्याच्याकडे बघूच नका. फक्त ‘बस्ट’ म्हणजे छातीचं माप बघा.

कारण सांगते. समजा तुमची छाती ३४ इंच आहे. साधारण १९५६ च्या आधीच्या पाकिटात ३४ छाती म्हणजे साइझ १६. १९५६ ते १९६७ मध्ये तेच माप झालं साइझ १४. आणि १९६८ पासून पॅटर्न कंपन्यांनी रेडिमेड कपड्यांच्या जवळ जायचं म्हणून नंबर परत खाली आणले, तेव्हा ३४ छाती झाली साइझ १२. बाई तीच, माप तेच, नंबर तीन. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी ‘मी नेहमी १४ घालते’ म्हणून १९५० चा १४ मागवला, तो निघाला ३२ छातीचा, आणि त्यांची छाती होती ३८. पाकीट इतकं सुंदर होतं की त्यांना फार वाईट वाटलं.

या नंबरांच्या मागे एक गोष्ट आहे ती मला महत्त्वाची वाटते. १९३९-४० मध्ये अमेरिकन सरकारने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली, त्यावरून पुढे १९५८ मध्ये तिथल्या रेडिमेड कपड्यांचं सरकारी प्रमाण ठरलं. पण त्या मोजणीत फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. तेव्हा हे ‘स्टँडर्ड’ शरीर तिथल्याही सगळ्या बायकांचं नव्हतं, आपलं तर नव्हतंच. ड्रेस बसला नाही तर आपल्या अंगात काही चूक आहे असं कृपया समजू नका, इतक्या जणी हे मनाला लावून घेतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

मग आपल्या अंगाला हे ड्रेस बसतात तरी का?

बसतात, आणि फार छान बसतात, पण चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली म्हणजे पाठीची उंची, मानेच्या मागच्या हाडापासून कमरेपर्यंत. पाकिटाच्या मागे ती दिलेली असते. आपल्यापैकी खूप जणींची ती पॅटर्नपेक्षा अर्धा ते एक इंच कमी भरते, आणि १९५० च्या ड्रेसमध्ये कंबर चुकीच्या जागी आली की सगळा ड्रेस बिघडतो, कारण सगळा डौल त्या कमरेवरच उभा आहे. पॅटर्नवर छाती आणि कंबर यांच्यामध्ये आडवी घडी घालून जादा उंची कमी करायची, पुढच्या आणि पाठीच्या भागाला सारखीच.

दुसरी म्हणजे टक्सचं टोक. तेव्हाच्या बायका आतून कडक, टोकदार ब्रा आणि पोट आवळणारा गर्डल घालायच्या, पॅटर्न त्या आकारावर बेतलेला असतो. म्हणून छातीचा टक्स आपल्याला वर येतो. आरशासमोर उभं राहून खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत माप घ्या, पॅटर्नवर तेच माप मोजा आणि जेवढा फरक असेल तेवढा टक्स खाली उतरवा. ज्यांना फोर टक्स ब्लाऊज शिवता येतं त्यांना हे सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो.

तिसरी म्हणजे कंबर. चित्रातली कंबर गर्डलची आहे. आपल्याला जेवून उठल्यावर श्वास घेता येईल अशी ठेवा, कमरेच्या मापावर एक इंच तरी सैल.

चौथी गोष्ट फार कमी जणींना माहिती असते. त्या काळात ‘हाफ साइझ’ नावाचे वेगळे पॅटर्न यायचे, साडेचौदा, साडेसोळा असे नंबर असलेले. ते उंचीने कमी, अंगाने भरलेल्या, खांदे अरुंद असलेल्या बायकांसाठी असायचे. हे वर्णन वाचून तुम्हाला कुणी आठवलं का? मला माझी आई आठवली. चित्रांवर थोड्या वयस्कर बायका असतात म्हणून संग्राहक या पाकिटांकडे बघत नाहीत आणि ती स्वस्तात मिळतात, पण बदल न करता अंगाला बसणारा माझ्याकडचा एकमेव पॅटर्न साडेसोळाचा आहे.

मूळ कागद कापू का? की जपून ठेवू?

कापू नका. आधी उतरवून घ्या, काम नेहमी कॉपीवरच. तो टिश्यू साठ-सत्तर वर्षांचा आहे, घडीवर पिवळा पडलेला असतो, टाचणी टोचली की तिथून फाटतो. घड्या अलगद उघडायच्या, इस्त्री अगदी मंद आणि कोरडी, वाफ चुकूनही नको, आणि मग वर बटर पेपर ठेवून पेन्सिलने उतरवायचं. पारदर्शक नको असेल तर खाली ब्राऊन पेपर ठेवून कडेकडेने आखा. उतरवताना माया, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेली जादा जागा, आहे की नाही ते बघा, साधारणपणे अमेरिकन पॅटर्नमध्ये शिलाईची माया धरलेली असते, बहुतेक वेळा पाच अष्टमांश इंच, पण जुन्या काहींत अर्धा इंच असते. जर्मनीच्या बुर्डा मासिकातल्या पॅटर्नमध्ये माया धरलेलीच नसते, ती आपण सोडायची.

आणि आपल्याकडचा पावसाळा! जून ते सप्टेंबर हे कागद फार सांभाळावे लागतात. माझ्या एका पाकिटाला कसर लागली होती, नेमका पुढचा तुकडा चाळणीसारखा झाला. तेव्हापासून मी पाकीट एका प्लास्टिक पिशवीत, सूचनांचा कागद दुसऱ्या पिशवीत आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असं ठेवते, आणि पाऊस संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सगळं एकदा सावलीत उघडून ठेवते. उन्हात नाही, उन्हाने कागद कडक होतो.

मांजरपाटाचा कच्चा ड्रेस खरंच शिवायला लागतो का? किती वेळ जातो त्यात.

वरच्या भागाचा लागतोच. स्कर्टचा नाही शिवला तरी चालतं. मांजरपाट स्वस्त असतं, धुऊन घ्या, नुसता वरचा भाग बेता, मोठ्या टाक्याची शिलाई मारा म्हणजे उसवायला सोपी, आणि अंगावर घालून शिलाया बाहेरच्या बाजूला ठेवून बघा. मुंढ्याला ओढ येतेय का, मान उचलली की गळा उघडतोय का, पाठीवर आडवी सुरकुती पडतेय का. पेनाने थेट कापडावरच खुणा करा, तोच तुमचा पुढचा पॅटर्न. ज्या मैत्रिणींनी ही पायरी गाळली त्यातल्या बहुतेकींचा ड्रेस कपाटात लटकलेला आहे आणि त्यांनी शिवणं सोडलं, याचं मला खरंच दुःख होतं, कारण एका संध्याकाळचं काम होतं.

पॅटर्न ३४ छातीचा आहे, माझी ३८ आहे. मोठा करता येईल?

हो, दोन साइझपर्यंत आरामात. फरक चार इंच, ड्रेसचे चार पाव भाग, म्हणजे प्रत्येक भागाला एक इंच. पण तो सगळा एक इंच बाजूच्या शिलाईत घालू नका, मुंढा वाकडातिकडा रुंद होतो आणि खांदा तसाच राहतो. कॉपी केलेला तुकडा खांद्याच्या मधोमध ते कमरेपर्यंत उभा कापा, तिथे थोडं पसरवा, उरलेलं बाजूला वाढवा, आणि बाहीला तितकीच वाढ द्या नाहीतर मुंढा आणि बाही जुळणार नाहीत. चारपेक्षा जास्त इंच फरक असेल तर माझं मत असं की दुसरा पॅटर्न शोधा. आणि खांदे ३४ चे, फक्त छातीच भरलेली असेल तर पूर्ण पॅटर्न मोठा करायचाच नाही, फक्त पुढच्या भागात छातीवर जागा वाढवायची आणि टक्स मोठा घ्यायचा.

पाकिटावर साडेचार, पाच यार्ड लिहिलंय. इतकं कापड लागतं?

यार्ड म्हणजे आपला वार, ३६ इंच. आणि हो, लागतं. पण आधी पन्हा बघा, पाकिटावर ३५, ३९, ४५ इंच अशा वेगवेगळ्या पन्ह्यांचे आकडे असतात. तेव्हा तिकडे ३५-३६ इंची कॉटन सर्रास मिळायचं, आपल्याकडे अजूनही ३६ पन्ह्याचं पॉपलीन मिळतं, त्यामुळे आपल्याला तो जुना आकडा चक्क उपयोगी पडतो. ४४ पन्हा घेतलात तर ४५ चा आकडा बघा आणि पाव मीटर जास्त घ्या. मीटर करायचं असेल तर वाराला ०.९१ ने गुणा.

पूर्ण गोल घेराच्या स्कर्टचं गणित मी इथे करून दाखवते म्हणजे विश्वास बसेल. कंबर २८ इंच, तिला ६.२८ ने भागलं की साधारण साडेचार इंच, ही आतल्या गोलाची त्रिज्या. स्कर्टची उंची २७, दोन्ही मिळून साडेएकतीस, खाली दुमडायला अर्धा इंच, झाले ३२. म्हणजे ३६ पन्ह्यात अर्धा गोल बसतो आणि त्याला ६४ इंच लांबी लागते, असे दोन अर्धे गोल म्हणजे १२८ इंच, साडेतीन वारांपेक्षा थोडं जास्त. ते नुसत्या स्कर्टचं. वरचा भाग, बाह्या, गळ्याच्या आतल्या पट्ट्या, बेल्ट धरला की पाच वार झालेच. एकाच दिशेची फुलं किंवा मखमल असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवावे लागतात, मग आणखी जास्त.

कुठलं कापड घ्यायचं?

पाकिटाच्या मागे कापडांची नावं असतात ती वाचा, ती सजावट नाहीये. घेरदार ड्रेसला अंग धरणारं कापड लागतं, पॉपलीन, कॅम्ब्रिक, जाडसर हँडलूम, चेक्सचं मद्रास कापड. मऊ रेयॉन किंवा जॉर्जेट घेतलं तर घेर पायाला चिकटतो आणि तो ड्रेस नाइटीसारखा दिसतो. उलट १९४० च्या दशकातले कितीतरी ड्रेस रेयॉन क्रेपसाठीच काढलेले आहेत, त्यांना कडक कॉटन लावलं तर खांद्यावरच्या चुण्या फुगून बसतात.

मजा म्हणजे त्या पाकिटांवरची काही नावं आपल्याच भागातून गेलेली आहेत. ‘डंगरी’ हे मुंबईच्या डोंगरीवरून पडलेलं नाव, ‘कॅलिको’ कालिकतवरून, आणि ‘सिअरसकर’ मूळ फारसी शीर-ओ-शकर, दूध आणि साखर, म्हणजे एक गुळगुळीत आणि एक खरबरीत पट्टा. मंगलदास मार्केटमध्ये किंवा लक्ष्मी रोडला गेलात की पाकिटाचा फोटो मोबाईलवर दाखवा, कापड हातात घेऊन मुठीत दाबा आणि सोडा, किती चुरगळतं आणि किती उभं राहतं ते तिथेच कळतं. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री. कॉटन आटतं, शिवल्यावर आटलं तर कमरेला आटतं.

आईच्या जुन्या साडीतून करता येईल का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. येतो, आणि कॉटन साडी तर यासाठी देणगीच आहे, साडेपाच मीटर लांब, ४५ च्या आसपास पन्हा. पण एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. साडीचा काठ सरळ असतो आणि गोल स्कर्टची खालची कड वक्र असते, त्यामुळे गोल घेराच्या पॅटर्नला काठ खाली लावता येत नाही, कापला तर काठ मध्येच तुटतो. म्हणून चुण्यांचा किंवा प्लीट्सचा सरळ तुकड्याचा स्कर्ट असलेला पॅटर्न निवडा, काठ खाली ठेवा, कापड आडवं वापरा. १९५० च्या दशकात तिकडे बॉर्डर प्रिंटचे असे स्कर्ट खूप चालायचे, म्हणजे पॅटर्न जणू आपल्या साडीसाठीच काढलाय असं वाटतं. पदराचा भाग वरच्या अंगाला, उरलेल्या काठाचा बेल्ट.

रेशमी साडीचं मात्र सांभाळून. जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं, उजेडासमोर धरलं की दिसतं. आणि चांगली पैठणी कुणी माझ्याकडे कापायला आणली तर मी हात लावत नाही. ती नेसायची असते.

चेन डाव्या बाजूला कुठे आली? पाठीला का नाही?

१९४० आणि १९५० च्या दशकात ड्रेसची चेन बहुतेक डाव्या कुशीत असायची, काखेखाली सुरू होऊन सीटपर्यंत. पाठीला उभी शिलाई नसल्याने पाठ एकसंध दिसते, डोक्यातून घालायचा आणि बाजूने बंद करायचा. पाठीची लांब चेन १९५० च्या शेवटी-शेवटी रुळली. मी बाजूचीच ठेवते. कमरेच्या शिलाईवर आतून एक रिबनची पट्टी आणि हुक लावा म्हणजे सगळा ताण रिबनवर जातो आणि चेन फाकत नाही.

काखेत चौकोनी तुकडा घालायला सांगितलंय, तो कसा बसवायचा?

ज्या ड्रेसची बाही वरच्या अंगातूनच सलग कापलेली असते त्यात हात वर उचलता यावा म्हणून काखेत शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालतात. आपल्या जुन्या पद्धतीच्या सदऱ्यात पण काखेत तुकडा असायचाच, तत्त्व तेच. अवघड जागा म्हणजे कापाचं टोक, तिथे माया जवळजवळ शून्य उरते. कापायच्या आधी टोकावर ऑर्गंडीचा छोटा तुकडा ठेवून बारीक टाक्याने टीप मारा, मग टोकापर्यंत कापा, आणि शंकरपाळ्याची एकेक बाजू टोकापासून टोकापर्यंत वेगवेगळी शिवा, सलग वळवत नेऊ नका. आधी धावदोरा घालून घ्या. मी पहिला तुकडा चार वेळा उसवला होता.

पहिला ड्रेस कुठला शिवू?

सगळ्या जणी बटरिकच्या १९५२ च्या ६०१५ नंबरबद्दल विचारतात, ‘वॉक-अवे ड्रेस’ म्हणून तो प्रसिद्ध आहे, सकाळी सुरू करा आणि दुपारी घालून बाहेर पडा अशी त्याची ख्याती. पाठीकडचा गोल घेर कमरेवरून पुढे येतो आणि पुढे बटण लागतं, आतला अरुंद पुढचा भाग मागे जाऊन बंद होतो. कल्पना अतिशय हुशार. पण सगळ्या कडांना क्रॉस पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, लावायची असते, ती काही मीटर होते, आणि नवीन हाताला तेच सगळ्यात कंटाळवाणं. बी ४७९० नंबरने कंपनीने तो पुन्हा काढला, त्याचा गळा आणि मुंढा बऱ्याच जणींना ढगळ होतो.

माझं मत विचाराल तर पहिला ड्रेस १९६० च्या सुरुवातीचा बिनबाह्यांचा साधा घ्या, नाहीतर १९५० चा शर्टवेस्ट, म्हणजे वरून शर्टासारखा, पुढे बटणांचा आणि चुण्यांच्या स्कर्टचा ड्रेस. सिम्प्लिसिटीच्या सूचना सगळ्यात समजायला सोप्या. व्होगचे ‘पॅरिस ओरिजिनल’ पॅटर्न, १९४९ पासूनचे, बाल्मँ, फाथ, स्कियापारेल्ली अशा पॅरिसच्या डिझायनरांचे, सोबत ड्रेसला लावायचं विणलेलं लेबल यायचं, ते स्वप्नच आहे, पण पाच-सहा ड्रेस झाल्यावर.

कंपन्यांनी पुन्हा छापलेले रेट्रो पॅटर्न चालतील का?

चालतील, एका पाकिटात जास्त साइझ मिळतात, कागद नवा असतो. फक्त बऱ्याचदा त्यात मुळापेक्षा जास्त सैलपणा घातलेला असतो, त्यामुळे तुमच्या छातीच्या मापाचा साइझ मोठा होतो. कागदावर तयार ड्रेसचं माप छापलेलं असतं ते बघून एक साइझ खाली जा.

पाकीट आलं आणि एक तुकडाच नाही. आता?

माझ्याबरोबर झालंय, विक्रेत्याने पूर्ण आहे म्हणून दिलं आणि बाहीच नव्हती. विकत घेताना तुकडे मोजलेत का, आणि कागद कापलेला आहे की कंपनीच्या मूळ घडीतच आहे, हे दोन प्रश्न नक्की विचारा. गळ्याची आतली पट्टी, बेल्ट, खिसा हरवला असेल तर काळजी नको, मुख्य तुकड्यावरून काढता येतात. बाहीसाठी मुंढ्याची गोलाई टेपने मोजा आणि तेवढ्याच मुंढ्याच्या दुसऱ्या पॅटर्नची बाही वापरा. पुढचा किंवा पाठीचा मुख्य भागच नसेल तर पैसे परत मागा.

ओव्हरलॉक नाही, साधं काळं मशीन आहे. जमेल?

हे ड्रेस साध्या मशीनसाठीच आहेत. सरळ टीप पुरते. कडा आत दुमडून टीप मारा, पातळ कापडाला डबल शिलाई करा. मी हाताच्या मशीनवरच शिवते, मुंढ्याच्या वळणावर टाका टाका पुढे नेता येतो.

चित्रासारखा घेर उभा राहत नाही.

चित्रात आत पेटीकोट आहे. कॅनकॅनच्या जाळीचा दोन थरांचा परकर शिवा, आतून मऊ कॉटनचं अस्तर द्या, नाहीतर जाळी पायाला टोचते. ड्रेसपेक्षा दोन इंच आखूड.

खालची कड वरखाली होते, काय चुकतं?

गोल घेराचं कापड काही ठिकाणी तिरकं येतं आणि तिथे स्वतःच्या वजनाने ताणून खाली उतरतं. म्हणून ड्रेस पूर्ण झाला की लगेच खाली दुमडू नका. हँगरला लावून निदान एक रात्र, जमलं तर दोन दिवस टांगून ठेवा. मग जो पेटीकोट आणि ज्या चपला घालणार त्या घालून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी जमिनीपासून मोजत खडूने खुणा करायच्या, कमरेपासून मोजत नाही. माझ्या घरी आई पाटावर बसते, हातात लाकडी पट्टी, आणि मी जागच्या जागी थोडी थोडी वळते, ती ‘थांब’ म्हणाली की थांबते. वर सांगितलेल्या स्कर्टची खालची कड साडेपाच वार भरते, ती अर्धा इंच दुमडून हाताने तुरपाई करायला मला दोन संध्याकाळी लागतात.